आवा जागा असताना

"रंग सांग."

पाठीवर दोन बोटं टेकवून ती एवढंच म्हणायची. आपण घोंगडीच्या आत डोकं खुपसून, आव्याच्या वरच्या भोकाला डोळा लावून ओणवे उभे असायचो. नाकात धूर, कानात जाळाची घरघर, मानेवरून घामाचे ओघळ, आणि बाहेरून तो आवाज. दरडावणी नाही, घाईही नाही. पण उत्तर चुकलं तर महिन्याभराची मेहनत मातीत जाणार, हे त्या दोन शब्दांत आपल्याला बरोबर ऐकू यायचं.

भर उन्हाळ्यात घोंगडी कशाला, असं तुम्ही विचाराल. मीही विचारलं होतं. कुंभाराची भट्टी, म्हणजे आवा, बहुतेक ठिकाणी अंधार पडल्यावर लावतात, कारण जाळाचा रंग अंधारात नीट कळतो. तिचा आवा मात्र पहाटे पेटायचा आणि दुपारी तीन-साडेतीनला बंद व्हायचा. शेजारी नव्या इमारती झाल्या होत्या आणि रात्री खिडक्यांतून धूर आत येतो म्हणून तिथल्या लोकांची ओरड होती. "दिवसा ती मान्सं कामाला जात्यात, तवा आपण आपलं काम करू," असा तोडगा तिनं काढला आणि उन्हात रंग दिसावा म्हणून ओळखीच्या धनगराकडून एक काळी घोंगडी आणली. त्या घोंगडीखाली किती माणसांच्या डोळ्यांतून पाणी निघालं, त्याची गणती नाही.

आम्ही सगळे तिला आत्या म्हणायचो. तिची पहिली शागीर्द म्हणजे तिच्या भावाची मुलगी सुमन. सुमन आत्या म्हणते म्हणून पुढे आलेला प्रत्येक जण आत्याच म्हणायला लागला. माठ न्यायला येणारे व्यापारीसुद्धा, वयानं तिच्यापेक्षा मोठे असले तरी.

माझा आणि तिचा परिचय भांडणातून झाला. मी वाळूजच्या एका कारखान्यात लोखंड तापवण्याच्या विभागात काम करतो आणि राहतो बजाजनगरात. एका उन्हाळ्यात हातगाडीवरून माठ घेतला. तो दुसऱ्या दिवशी गळायला लागला. गाडीवाल्यानं "खुलताबादच्या रस्त्यावरच्या आत्याचा माल आहे" अशी शपथ घेतली होती, म्हणून मी तो गळका माठ मोटारसायकलवर बांधून शहराच्या टोकापर्यंत गेलो. पत्र्याची शेड, पुढं अंगण, अंगणात माणसाच्या उंचीचा विटांचा गोल आवा, आणि त्याच्याभोवती अनवाणी फेऱ्या मारणारी एक उंच, हडकुळी बाई. मी तोंड उघडायच्या आत तिनं माठावर टिचकी मारली.

"ह्यो माझा नाय," ती म्हणाली. "पर एवढ्या उन्हात आलास, तर पाणी पिऊन जा."

पाणी प्यायला मी तिथल्या ओट्यावर टेकलो मात्र, सुमन धावत आली. "दादा, उठा उठा! आवा जागा हाय!"

हा तिच्या आव्याचा नियम. जाळ चालू असेपर्यंत अंगणात कुणी बसायचं नाही. भाकरी उभ्यानं खायची, चहा उभ्यानं प्यायचा, पाय दुखले तर फेऱ्या मारायच्या. माणूस बसला की त्याचं लक्ष बसतं आणि लक्ष बसलं की आवा बसतो, असं तिचं म्हणणं. तिच्या सासऱ्यापासून चालत आलेली रीत होती ती. मी उठून उभा राहिलो, तर तिनं माझ्या हातात कापसाच्या वाळल्या पऱ्हाट्यांचा भारा दिला. "रिकामा हुबा राहू नको. ने तिकडं." असा मी तिचा शागीर्द झालो. माझं वय तेव्हा चाळिशीला टेकलेलं, केस पिकायला लागलेले.

तसा मी जन्माचा उतावळा माणूस. सिग्नलला माझी गाडी कधी न्यूट्रलमध्ये नसते. दूध उतू जायच्या आधीच मी गॅस बंद करतो आणि मग ते नासतं. हातात काही नसलं तर गाडीची चावी बोटाभोवती फिरवत राहतो, खळखळ, खळखळ. घरच्यांनी नाद सोडला होता. आत्यानं सोडला नाही. "ती चावी गप कर. मातीला तरास व्हतो," ती म्हणायची. मातीला कसला त्रास होणार! पण मी चावी खिशात टाकायचो आणि दोन मिनिटांनी ती परत बोटात यायची.

दर रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी मी तिथं जायला लागलो. आम्ही तिघं होतो. सुमन विजेच्या चाकावर भांडी घडवायची आणि आव्याच्या दिवशी जाळ घालायची. खुलताबादच्या शाळेत चित्रकला शिकवणारी फरहाना नक्षी काढायची. आणि मी माती मळायचो, ओझी उचलायचो. शिवाय मला भट्टीतलं कळतं असा माझा समज होता. तो समज आत्यानं एका सकाळीच उतरवला. मी कंपनीतून उष्णता मोजायची गन आणली होती, लांबून रोखली की आकडा दाखवणारी. मी ती मोठ्या ऐटीत आव्यावर रोखली.

"काय म्हणतं त्ये?"

"सहाशे वीस."

"सहाशे वीस काय?"

"डिग्री, आत्या."

"मग रंग कोंचा?"

मला सांगता येईना. फरहाना तोंडावर ओढणी धरून हसत होती. "त्यातला सेल काढ," आत्या म्हणाली, "आन माझ्या घड्याळात घाल. कवाचं बंद पडलंय."

तिचे रंग ठरलेले होते. पहिल्यांदा दिसतं ते बीट. मग डाळिंब. मग गाजर. आणि शेवटी झेंडू. झेंडू आला की आवा बंद. पण झेंडू नुसता रंगानं ओळखायचा नाही. भोकातून पाहताना आतल्या भांड्यांच्या कडा एकमेकींत मिसळून गेल्या पाहिजेत, अगदी मागच्या कोपऱ्यातल्यासुद्धा. एका जरी घागरीची कड वेगळी दिसत असेल, तर तो झेंडू नव्हे. हे तिनं मला इतक्यांदा सांगितलं की मी झोपेतही सांगितलं असतं.

मी गेलो त्या पहिल्या वर्षी ती स्वतःच घोंगडीत शिरायची. मग एक दिवस म्हणाली, "मी किती दिवस बघू? शिकायचंय ना, मग तुमीच बघा." तेव्हापासून आम्ही बघायचो आणि ती विचारायची. फरहाना आतून ओरडायची, "हौ आत्या, एकदम गाजर है!" आणि आत्या मान डोलवायची. बरोबर उत्तर आलं की आम्हांला शाळेत पहिला नंबर आल्यासारखं वाटायचं. आपली परीक्षा चालली आहे, असं आम्ही समजत होतो.

मी एवढा बारीक नजरेचा म्हणवतो, पण बाकी काही माझ्या लक्षात आलं नाही. ती चहा ओतताना कपात बोट बुडवून धरायची. विम्याचा एजंट फाटकात आला तर "ये रं पोरा" म्हणून आपल्या मुलाला बोलवावं तसं बोलवायची. एकदा तिनं तापल्या विटांवर सरळ अख्खा हात टेकवला. कोपरापर्यंत भाजली. तिचा मुलगा शाळेची व्हॅन चालवतो. तसा मवाळ माणूस, पण त्या दिवशी तिच्या हाताला मलम लावता लावता रडवेला होऊन म्हणाला, "आई, आधीच सांगून ठेवतो. ज्या दिवशी तुला दिसेनासं होईल, त्या दिवशी मी आवा मोडणार. मला आई पाहिजे, माठ नको."

"दिसतंय मला समदं," ती म्हणाली. "तुझी दाढी वाढलीय." त्याची दाढी नेहमीच वाढलेली असायची.

तिच्या आव्याचे तीन हंगाम होते. संक्रांतीची सुगडी, दिवाळीच्या पणत्या, आणि सगळ्यांत मोठा अक्षयतृतीयेचा. ती त्याला आखाजी म्हणायची. आपल्याकडं त्या दिवशी गेलेल्या माणसांच्या नावानं करा-केळी, म्हणजे मातीच्या घागरींची जोडी, पाण्यानं भरून गव्हावर ठेवतात. कन्नडपासून इकडच्या कितीतरी गावांत ती जोडी तिच्याच हातची लागायची. "हे भांडं जित्या मान्साचं नाय," ती आम्हांला बजावायची. "जिता मानूस गळकं भांडं परत घेऊन येतो, तुझ्यासारखा. मेलेला कुठं येनार भांडायला?"

आता त्या आखाजीकडं येतो. इतका वेळ मी टाळत होतो.

त्या दिवशी फरहानाच्या शाळेत परीक्षा होती. सुमन जाळाच्या तोंडापासून हलू शकत नव्हती. बघायला मी एकटाच. आणि माझी दुसरी पाळी तीनला सुरू होणार होती. एरवी मी रजा टाकली असती, पण कंपनीत बाहेरून तपासणीला माणसं येणार होती आणि साहेबानं सकाळपासून चार वेळा फोन केला होता. अडीचच्या आत ये, नाहीतर येऊच नको, ही त्याची भाषा. मी घड्याळ बघत होतो, फेऱ्या मारत होतो, पुन्हा घड्याळ बघत होतो. बाराला गाजर होतं. साडेबाराला गाजरच. एकला मी डोकं आत घातलं तेव्हा समोरची भांडी पिवळट केशरी झाली होती, पण मागच्या कोपऱ्यात तीन घागरींच्या कडा स्पष्ट दिसत होत्या. मी त्या पाहिल्या. डोळ्यांनी पाहिल्या. खिशात फोन पुन्हा थरथरला.

पाठीवर दोन बोटं टेकली. "रंग सांग."

"झेंडू," मी म्हणालो.

बोटं काही वेळ तशीच पाठीवर राहिली. मला वाटलं आता ती म्हणेल, पुन्हा बघ. पण सुमनला हाक मारून ती म्हणाली, "तोंड लिंप." सुमननं माझ्याकडं पाहिलं. मी तिच्याकडं पाहिलं नाही. ओल्या मातीनं आव्याचं तोंड लिंपून व्हायच्या आत मी रस्त्याला लागलो होतो.

तपासणीची माणसं आमच्या विभागात आलीच नाहीत. वरच्या ऑफिसात चहा घेऊन गेली.

तिसऱ्या दिवशी सकाळी आवा उतरवला. फाटकाबाहेर कन्नडच्या व्यापाऱ्याचा पिकअप उभा होता. आखाजी दोन दिवसांवर होती. सुमननं वरच्या थरातली घागर काढून आत्याच्या हातात दिली. आत्यानं टिचकी मारली. भद्द. दुसरी घेतली. भद्द. तिसरीलाही तोच आवाज. तिनं बोट पाण्यात बुडवून घागरीच्या बुडावर फिरवलं आणि ते बोट आमच्यापुढं धरलं. बोटाला चिखल लागला होता. माती भाजलीच नव्हती, नुसती तापली होती. खालच्या थरांतल्या काही टिचकीला बऱ्या वाजल्या, पण पुरती भाजलेली कुठली आणि अर्धवट कुठली हे सांगायला कोण धजणार!

"पुन्हा भाजू ना, आत्या," फरहाना म्हणाली.

"भाजू की. पर रचायचं, भाजायचं, निवायचं, चार दिस लागत्यात. आखाजी थांबनार हाय व्हय आपल्यासाठी?"

व्यापारी म्हणाला, "द्या ना आत्या, एका दिवसाचं तर भांडं. कोन बघतंय?"

"ज्याच्या नावानं भरत्यात, त्यो बघतोय," ती म्हणाली आणि पिकअप रिकामा परत पाठवला.

तेवढ्यात तिचा मुलगा व्हॅन लावून आत आला. पसरलेली भांडी, रिकामी गेलेली गाडी, सगळं त्यानं पाहिलं. "रंग कोणी बघितला होता?" त्यानं विचारलं.

सुमनची नजर माझ्याकडं वळली. माझं तोंड उघडलं होतं, एवढं मी शपथेवर सांगतो. पण शब्द बाहेर आला नाही. आणि आत्या म्हणाली, "म्या बघितला."

"आत्या..." सुमन पुढं झाली.

"म्या बघितला म्हनते ना! मला रंग दिसत नाय. दोन वर्सं झाली. डोळ्याच्या शिबिरात दाखवलं व्हतं. मोतीबिंदू नाय, आतला पडदा गेलाय. काढता येत नाय म्हनले." मग मुलाकडं तोंड करून, पण जरा बाजूलाच, ती म्हणाली, "आवा माझा, चुकी माझी. आता तू तुझा शब्द पाळ."

मुलगा तिथंच वाळूच्या ढिगावर बसला. आम्ही तिघं उभे. दोन वर्षं आम्ही जिला परीक्षा समजत होतो, तिच्या आडून आत्या आमचे डोळे उसने घेत होती. आणि जे तिनं दोन वर्षं पोटच्या पोराला कळू दिलं नाही, ते माझी कातडी वाचवण्यासाठी चारचौघांत सांगून टाकलं. मला माझी लाज वाटते, आजही वाटते, आणि ती कमी होत नाही.

आवा मोडला नाही, पण थंड पडला. मुलानं तिला कन्नडला आपल्या बहिणीकडं नेऊन ठेवलं, आगीपासून लांब. त्या दिवाळीला आवा लागला नाही. मी त्या रस्त्याला जायचंच बंद केलं. रविवारी घरात अस्वस्थ येरझारा घालायचो, पंखे पुसायचो, उगाच गाडीचं ऑइल बदलायचो. बायको एकदा म्हणाली, "एक तर जाऊन या, नाहीतर एका जागी बसा."

हिवाळ्यात, कन्नडच्या बाजाराच्या दिवशी, मी गेलो. ती लेकीच्या दारात उन्हाला बसून शेंगा फोडत होती. तिला बसलेलं मी बहुधा पहिल्यांदाच पाहत होतो. मी चावी मुठीत घट्ट आवळून धरली होती.

"कोन हाय?"

मी नाव सांगितलं. खाली बसलो. आणि एका दमात सगळं ओकून टाकलं. फोन, पाळी, मागच्या कोपऱ्यातल्या तीन घागरी.

ती शेंगा फोडत राहिली. "ठावं हाय," ती म्हणाली. "तू झेंडू म्हनाला, तवा तुझी चावी वाजत व्हती."

"मग तुम्ही पुन्हा का नाही विचारलंत?"

"कसं इचारू? ज्याला दिसतं, त्यो एकदाच इचारतो. दोनदा इचारलं असतं तर सुमनला कळलं असतं. मग पोराला." तिनं शेंगदाण्यांची मूठ माझ्या हातावर ठेवली. "तू खोटं बोलला चावीपायी. म्या गप बसले आव्यापायी. दोघांनी मिळून बुडवला त्यो."

"पण मुलासमोर माझं नाव का नाही घेतलंत?"

"तुझं नाव घेतलं असतं तर तू पुन्हा आला नसता. माझं तर जायचंच व्हतं. दोन डोळे कामून घालवू?" मग थोड्या वेळानं म्हणाली, "खा. नुसता धरून काय बसलास!"

निघताना मी पाया पडलो. ती म्हणाली, "आखाजीला लाव आवा. पोराला मी सांगते. आन दोनदा इचारत जा. तुला कुनापासून काय लपवायचंय?"

तिनं मुलाला सांगितलंही. पण आखाजी तिनं पाहिली नाही. थंडी सरता सरता झोपेतच गेली.

या वर्षी आम्ही आवा लावला. पहाटे पेटवायच्या आधी मी गाडीची चावी शेडमधल्या खिळ्याला अडकवली. माझं पाहून फरहानानं तिच्या स्कूटीची अडकवली आणि मुलानं व्हॅनची. मी चार दिवसांची रजा टाकली होती. दिवसभर कुणी बसलं नाही. मुलगाही नाही, तो आव्याभोवती अनवाणी फेऱ्या मारत होता, हुबेहूब तिच्यासारख्या. दुपारी फरहाना घोंगडीत शिरली. मी तिच्या पाठीवर दोन बोटं टेकवली.

"रंग सांग."

"झेंडू, भाईसाब."

"पुन्हा बघ. मागचा कोपरा."

घोंगडी डावीकडून उजवीकडं सरकली. मग आवाज आला, "नाही, नाही. पीछे अजून गाजर है. एका घागरीची कड दिसतेय."

आम्ही आणखी सव्वा तास जाळ घातला. मी गनही लावून पाहिली, खोटं कशाला सांगू. पण लावली ती दोनदा विचारून झाल्यावर.

अक्षयतृतीयेला तिच्या घरी गेलो. मुलानं भिंतीशी गव्हाची रास घातली होती आणि तिच्यावर त्याच आव्यातली जोडी मांडली होती. त्यानं तिच्या नावानं पाणी भरलं. मी दाराशी उभा होतो. मग जवळ गेलो. परत दाराशी आलो. पुन्हा गेलो. शेवटी राहवलं नाही. मी वाकून बोट पाण्यात बुडवलं आणि घागरीच्या बुडालगत घासून पाहिलं. मग उजेडात जाऊन पाहिलं.

बोट स्वच्छ होतं.

"दादा," मुलगा म्हणाला, "बसा आता."

मी भिंतीला टेकून बसलो.